कोडंगीला आधी नाचू द्या

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याच आठवड्यात बंगळुरूत आमच्या जयनगरच्या इमारतीतल्या शेजारणीने मला लिफ्टमध्ये गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग आता तुमचं शुक्रवारचं काय हो?" दर शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की मी खोलीचं दार लोटून हेडफोन लावते आणि मधूनच "अरे, फासा टाका आता!" असं ओरडते. ते भिंतीपलीकडे ऐकू जातं. त्यावरून तिने रमीचा निष्कर्ष काढला होता. तिचा दोष नाही. क्रिकेट लावलं की दोन षटकांच्या मध्ये रमीच्या जाहिराती, अशी कित्येक वर्षं गेली. 'ऑनलाइन खेळ' म्हटलं की मध्यमवर्गीय घरात कोणीतरी किती घालवले हेच विचारतं. खरं तर ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ त्या कायद्याने वेगळे काढले आहेत. पण कायदा वाचून कोण शेजाऱ्यांबद्दल मत बनवतं?

आमचा खेळ असा. पाच-सहा जण आपापल्या घरी बसून डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमतात. एक जण कथा चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. पात्राने काही अवघड करायचं ठरवलं, म्हणजे कडा चढायचा, पहारेकऱ्याला फसवायचं, तर वीस बाजूंचा फासा पडतो आणि जमलं की फसलं ते ठरतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणला, तिथून हा प्रकार जगभर गेला. आता त्याची रूपं पुष्कळ आहेत. कोणी बोलत नाहीत, नुसतं लिहितात. एक जण चार ओळी लिहितो, दुसरा पुढच्या चार. कोणी जीटीए या गाड्या पळवायच्या खेळात अख्खं शहर उभारतात आणि त्यात पोलिस, डॉक्टर, टॅक्सीवाला होऊन राहतात. हिंदीत चालणारे असे भारतीय सर्व्हर आहेत आणि त्यांचं चित्रण तासन्‌तास पाहणारी पोरं माझ्या नात्यातच आहेत. माझं पात्र म्हणाल तर घाटातून खेचरं हाकणारी, बुटक्या वंशाची एक तिरसट बाई. फार जुळवून घ्यावं लागत नाही.

मी मूळची सांगलीची. बंगळुरूत उमेदीची सगळी वर्षं सॉफ्टवेअरची मॅन्युअल लिहिण्यात गेली. कोणीही न वाचलेली पानं लिहिण्याचा माझा अनुभव मोठा आहे. त्या बळावर सांगते: या खेळांच्या दारात नव्या माणसाच्या हातात जे देतात, ते कोणी वाचत नाही. वाचलं तर तो माणूस परत येत नाही.

नवा माणूस आत पाऊल टाकतो तेव्हा त्याला काय दिसतं? डाव्या बाजूला चॅनेलांची लांबलचक रांग. नियम. नियमांवरचे खुलासे. 'लोअर', म्हणजे त्या काल्पनिक जगाचा इतिहास, त्यात सात राज्यं, तीन महायुद्धं, चंद्राची नावं. मग पात्राचा अर्ज. जन्म, कुळ, शस्त्र, स्वभावातले दोष, बालपणीचा आघात (हा जवळजवळ सक्तीचा). अर्ज मंजूर होईपर्यंत थांबायचं. काही शहरवाल्या सर्व्हरांवर तर 'व्हाइटलिस्ट'साठी तोंडी मुलाखत असते आणि 'मेटागेमिंग म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत सांगा' असा प्रश्न येतो. खेळाडूला ठाऊक असलेली गोष्ट पात्राला ठाऊक असल्यासारखं वागणं, हे त्याचं उत्तर. साधी गोष्ट आहे, एकदा खेळताना कोणी हसत हसत टोकलं की जन्मभर लक्षात राहते. पण ती आधी परीक्षेला येते. एका सर्व्हरवर माझा अर्ज 'पार्श्वभूमीत खोली नाही' असा शेरा मारून परत आला होता. खेचरं हाकणाऱ्या बाईच्या पार्श्वभूमीत घाट असतो, खोली कुठून आणायची?

सर्व्हर चालवणाऱ्यांवर राग काढण्यात अर्थ नाही. ही बहुतेक पोरं दिवसभर नोकरी करून, रात्री फुकट, भांडणं सोडवत बसलेली असतात. आणि दाराशी पहारा ठेवण्यामागे कारण आहे. संगणकावरचं, नुसत्या शब्दांतून चालणारं पहिलं बहुखेळाडू काल्पनिक जग १९७८ साली इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी उभारलं. त्यानंतर पंधरा वर्षांनी लॅम्बडामू नावाच्या तशाच एका शब्दांच्या जगात एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर, त्यांच्या इच्छेविरुद्ध, लैंगिक अत्याचाराची वर्णनं लादली. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने १९९३ मध्ये त्यावर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. तिथल्या लोकांना तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला, की सगळ्यांना मोकळं असलेल्या दारातून असा माणूस आला तर काय करायचं? हा प्रश्न बायकांना विचारायची गरज नाही, आम्ही तो घेऊनच आत येतो. म्हणून पहारा हवा. पण अर्जातला बालपणीचा आघात वाचून असा माणूस ओळखता येत नाही. तो उत्तम अर्ज लिहितो. अडकतो तो बुजरा.

माझं म्हणणं एवढंच, की माणूस भला की बुरा हे त्याच्याबरोबर तासभर खेळल्यावर कळतं. म्हणून पहिल्या दिवशी त्याच्या हातात नियम न देता एक काम द्यावं. लहान, पण खऱ्या खेळातलं.

हे मला डिस्कॉर्डने शिकवलं नाही. कर्नाटकातच शिकले. बंगळुरूत वर्षानुवर्षं राहूनही ज्या मराठी मंडळींनी ताळमद्दळे पाहिलेलं नाही, त्यांनी एकदा जरूर जावं. यक्षगानाचंच ते भावंड, पण वेशभूषा नाही, नाच नाही. चेंडे आणि मद्दळे वाजत असतात, भागवत पद गातो, आणि साध्या कपड्यांत ओळीने बसलेले अर्थधारी त्या पदाला धरून बोलायला लागतात. एक जण कृष्ण, एक जण कर्ण. कथा सर्वांना ठाऊक, संवाद मात्र कोणी लिहून दिलेले नाहीत. समोरच्या कर्णाने अनपेक्षित मुद्दा काढला तर कृष्णाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, आणि कर्ण कधी कधी वादात सरळ सरळ वरचढ होतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं कन्नड भाजीबाजारापुरतं होतं, निम्मं डोक्यावरून गेलं. पण आमच्या शुक्रवारात आणि त्यात मला फासा सोडून फारसा फरक दिसेना. भागवत म्हणजे डीएमच. पद टाकून बाजूला होतो, गाडी घसरली की पुढचं पद उचलतो.

सांगलीच्या माणसाला याचं नवल वाटायला नको. १८४२ च्या सुमाराला कर्नाटकातून भागवत मंडळींचे खेळ सांगलीत आले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' झालं. शाळेत आम्हाला हे दर ५ नोव्हेंबरला ऐकवायचे. ऐकवायचे नाहीत ते हे, की भाव्यांच्या त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रांनी गद्य आपल्या मनाने बोलायचं. सिंधुदुर्गातल्या दशावतारात अजून तसंच चालतं. रंगभूषा करता करता आख्यान ठरतं आणि बाकी सगळं रंगमंचावर. म्हणजे पात्र घेऊन उत्स्फूर्त बोलणं हा काही विस्कॉन्सिनहून आलेला माल नाही. फक्त फासा तिकडचा आहे.

तर या यक्षगानवाल्या मंडळींनी नवख्याचं काय केलं? रात्रभराच्या यक्षगानात मुख्य प्रसंग सुरू होण्याआधी पूर्वरंग असतो. त्यात सगळ्यात आधी येतात कोडंगी. शिकाऊ पोरं. साधा वेश, जुजबी रंग, आणि थोडं विदूषकी नाचणं. प्रेक्षक तेव्हा अजून चटया पसरत असतात, कोणी चहा पीत असतो, कोणी ओळखीच्यांना हाका मारत असतो. कोडंगीचं पाऊल चुकलं तर रात्र बिघडत नाही. काही काळाने तेच पोर बालगोपाळ होतं, मग स्त्रीवेष करतं, आणि वर्षांमागून वर्षं गेल्यावर एखाद्या रात्री मुख्य प्रसंगात उभं राहतं.

मला यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. कोडंगीचं नाचणं ही तालीम नसते. रंगमंच तोच, भागवत तोच, चेंडे वाजवणारा तोच कसलेला माणूस, प्रेक्षकही तेच. पोराला बाजूला नेऊन 'आधी हे शिक, मग ये' असं कोणी म्हणत नाही. आमच्या सर्व्हरांवर 'नवशिक्यांसाठी' म्हणून वेगळं चॅनेल काढतात. तिथे चार नवशिके एकमेकांकडे बघत बसतात आणि जुने सगळे वरच्या मजल्यावर असतात. ती कोडंगीची जागा नव्हे, ती बालवाडी झाली.

शहरातल्या सभागृहांत हल्ली यक्षगान अडीच-तीन तासांत आटपावं लागतं. मग पहिला कात्रीत सापडतो तो पूर्वरंग. प्रेक्षकांना आपला आवडता वेषधारी बघायचा असतो, सभागृह वेळेत रिकामं करायचं असतं, कोडंगीसाठी वेळ कुठला? आमचंही नेमकं हेच आहे. जुने खेळाडू नव्यांना हाकलतात ते बहुधा दुष्टपणाने नाही. सिल्क बोर्डच्या चौकातल्या कोंडीत संध्याकाळ घालवून घरी पोहोचलेल्या माणसाच्या वाट्याला आठवड्यातले दोन-अडीच तास येतात. त्यात त्याला ड्रॅगन मारायचा असतो. 'जिवाची बाजी लावणे' आणि 'फाशात एक पडणे' यांतला संबंध कोणाला समजावून सांगायचा नसतो. सगळ्या 'स्वागतशील व्हा' छापाच्या उपदेशात हा वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून ते उपदेश नुसते लटकत राहतात.

वेळेचा हा हिशेब सर्वांत निष्ठुरपणे दिसतो तो लिहून चालणाऱ्या गटांत. समजा, एका धर्मशाळेचा प्रसंग चालू आहे. नवी मुलगी पहिल्यांदा लिहिते: माझी वैद्य पावसात भिजून आत आली, तिने दाराशी चिखल झटकला आणि चुलीजवळ जागा आहे का विचारलं. तिने हे लिहायला अख्खी संध्याकाळ घेतलेली असते, चार वेळा खोडलेलं असतं. खाली आधीपासून गप्पा मारत असलेली तीन जुनी पात्रं आपल्या गप्पा पुढे चालू ठेवतात. कोणी मान वर करत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोणी तिचा अपमान केलेला नसतो, नियमही मोडलेला नसतो, मॉडरेटरकडे तक्रार करावी असं काही घडलेलं नसतं. ती वैद्य मात्र तिथेच भिजत उभी राहते आणि ती मुलगी पुन्हा लॉग-इन करत नाही. माझ्या भाचीचं एकदा असंच झालं. तिला मी विचारलं, तर म्हणाली, "मावशी, माझंच लिहिणं बरं नसेल." इंजिनियरिंगला असलेली, भांडायला कोणाला न भिणारी मुलगी. शिव्या खाल्लेला माणूस निदान चिडून परत तरी येतो.

म्हणून मी आमच्या गटात एकच हट्ट धरला. नव्या माणसाच्या पहिल्या वाक्याला उत्तर आलंच पाहिजे, आणि ते पात्राच्या तोंडून. वर 'सुस्वागतम्' म्हणून फुलांचं चित्र टाकणारा बॉट चालणार नाही. "अगं ये, पण चिखल बाहेर" असं माझ्या बुटकीने म्हणायला पाव मिनिट लागतं. पुढे त्या माणसाच्या बाजूला एक जुना खेळाडू बसतो, कानात सांगितल्यासारखं खासगी निरोपातून सांगतो: आता फासा टाक, यात चार मिळव, बास. पात्र तयार करायलाही बसवायचं नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या कंपनीने २०१४ साली आणलेल्या नवशिक्यांच्या पेटीत पाच तयार पात्रं होती, उचला आणि खेळा. त्यांनाही कळलं होतं की अर्ज हा खेळाचा शेवट असायला हवा. पुस्तकं महाग म्हणून अडायचंही कारण उरलेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे झाले. त्याआधी परवाना आवळण्याचा कंपनीचा प्रयत्न खेळाडूंनी हाणून पाडला होता, हे जाता जाता.

बोलण्याचा प्रश्न वेगळाच. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' नावाचा कार्यक्रम इंटरनेटवर चालतो. कार्टूनांना आवाज देणारे व्यावसायिक नट हा खेळ खेळतात आणि लाखो लोक बघतात. त्यामुळे खेळ पसरला हे खरं, पण नव्या माणसाला वाटायला लागलं की असे आवाज काढता आले तरच बसायचं. त्या कार्यक्रमाचा पहिला डीएम मॅथ्यू मर्सर, त्याच्या नावाने अशा अवाजवी अपेक्षांना 'मर्सर इफेक्ट' म्हणतात. आपल्याकडे यात इंग्रजीची भर. बंगळुरूतले गट इंग्रजीत चालतात, आणि तेही कॉन्व्हेंटच्या वेगाने. सोलापूरहून किंवा दावणगेरेहून आलेला मुलगा कोड झकास लिहितो पण मायक्रोफोन चालू करत नाही. मराठी मंडळींनी यात नाक वर करू नये, आपल्या कट्ट्यावरही 'पुण्याची भाषा' नावाचा पहारेकरी बसलेला असतोच. आमच्याकडे आता मुभा आहे: लिहून बोला, अर्धं कन्नड अर्धं इंग्रजी बोला, 'माझी चेटकीण रागावून निघून जाते' असं तृतीय पुरुषात सांगा. पात्राचा आवाज काढला नाही म्हणून खेळ अडत नाही.

आणि जग थोडं ओळखीचं करावं. या खेळाची कथा सुरू होण्याची ठरलेली जागा म्हणजे युरोपी दारूचा गुत्ता. नवा माणूस तिथे शिरतो आणि त्याला कळत नाही की उभं कुठे राहायचं, काय मागायचं. आमच्या डीएमने एकदा गुत्ता काढून दर्शिनी ठेवली. कूपन घ्यायचं, रांगेत थांबायचं, उभ्याने खायचं. त्या दिवशी पहिल्यांदा आलेली एक शाळामास्तरीण तत्क्षणी कूपनच्या रांगेत घुसणाऱ्या राक्षसाशी भांडायला लागली. कोणी काही शिकवलं नव्हतं. खेळाच्या मालकांनाही हे उमगलं असावं. २०२२ मध्ये त्यांनी 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' हा कथांचा संग्रह काढला, त्यात मूळच्या कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी भारतीय वळणाच्या भूमीतली एक कथा लिहिली आहे. छान आहे, पण त्यासाठी थांबायची गरज नाही. दर्शिनी फुकट आहे.

नव्याला जागा करून देण्याचीच एक गोष्ट इथले जुने लोक सांगतात, बंगळुरूत जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाड या मराठी घरातल्या मुलाची. भावाने त्याला रामकृष्ण मठात घातलं होतं. तिथल्या महाभारतातल्या एका नाटकात त्याला एकलव्याच्या मित्राचं काम मिळालं, आणि द. रा. बेंद्रे यांनी त्या कामाचं कौतुक केलं. बेंद्रे कन्नडचे थोर कवी, घरची भाषा मराठी. मुलगा पुढे बसकंडक्टर झाला, मग मद्रासला जाऊन रजनीकांत. मला त्यातलं ते काम आवडतं. एकलव्याला मित्र असल्याचं मला तरी महाभारतात कुठे आठवत नाही. पोर हाताशी होतं, त्याला घ्यायचं होतं, म्हणून कोणीतरी भूमिका तयार केली असावी. द्रोणाने दारातून परत पाठवलेल्या मुलाच्या नाटकात, दारात आलेल्या मुलासाठी जागा. अर्जात खोली आहे का, कोणी पाहिलं नाही.

नव्यांसाठी केलेल्या या सगळ्या बदलांवर आमच्या गटातल्या एका जुन्या गड्याने आक्षेप घेतला, आणि तो मी टाळणार नाही. तो म्हणाला, असं केलंत तर खेळाचा दर्जा पडेल, कथा रेंगाळेल, आणि दर आठवड्याला पहिला अर्धा तास कोडंगीत जाईल. बरोबर आहे. तसंच झालं. लढाया लांबल्या, ज्या ड्रॅगनला दिवाळीपर्यंत मारायचं होतं तो संक्रांतीलाही उडत होता. तो आणि त्याचा एक दोस्त वैतागून दुसऱ्या गटात गेले, तिथे फक्त कसलेले लोक घेतात. भांडण झालं नाही. त्यांच्या जागी दर्शिनीवाल्या मास्तरीणबाई आहेत, आणि बेळगावचा एक मुलगा आहे. तो डीएमशी कन्नडात, माझ्याशी मराठीत आणि ड्रॅगनशी इंग्रजीत बोलतो. पहिल्या दोन आठवड्यांत त्याने फक्त लिहिलं, आता त्याला गप्प करावं लागतं. डावपेचांत मात्र ते गेलेले दोघे या दोघांपेक्षा कितीतरी सरस होते, आणि परवा पुलावरच्या चकमकीत आम्ही त्यांच्या अभावी सपाटून हरलो. माझी तीन खेचरं गेली.